भाव पडला की भरायचं कुणी?

इंग्रजांच्या काळातल्या शेतीचा विषय निघाला की आपल्याकडं दोन गट पडतात. एक म्हणतो इंग्रजांनी रेल्वे आणली, कालवा काढला, कापूस-भुईमुगाला परदेशचं मार्केट दिलं, नाहीतर आपले पणजोबा ज्वारी-बाजरीच करत बसले असते. दुसरा म्हणतो इंग्रजांनी जबरदस्तीनं नगदी पिकं लावायला लावली आणि शेतकरी उपाशी मेला. मी वाळवा तालुक्यातला, घरी ऊस आणि हळद, पाहुण्यांच्या द्राक्षबागा तासगावकडं, त्यामुळं हा वाद माझ्यासाठी नुसता इतिहासाचा नाही. आणि मला दोन्ही गटांशी भांडायचंय. काय लावलं आणि कुणी लावायला लावलं यावर सगळे तावातावानं बोलतात, पण भाव पडला तेव्हा तो तोटा कुणाच्या खिशातनं गेला हे कुणी विचारत नाही. आपल्या भागापुरतं तरी सगळं दुखणं तिथंच आहे, तेव्हाही आणि आजही.

आधी जबरदस्तीचं बघू. बंगाल-बिहारमध्ये निळीची सक्ती होती, त्यात वाद नाही. चंपारणमध्ये तीनकठिया पद्धत होती, बिघ्यातल्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावायचीच, आणि म्हणून १९१७ ला गांधीजी तिथं गेले. पण साताऱ्यात असला नीळवाला साहेब कधी नव्हता. साताऱ्याचं राज्य १८४८ ला डलहौसीनं खालसा केलं आणि इथं रयतवारी आली, म्हणजे मध्ये जमीनदार नाही, शेतकऱ्याचा हिशोब थेट सरकारशी. (आजचे वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं तेव्हा साताऱ्यातच. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं वेगळी, पण बाजार आणि घाट सगळ्यांचे तेच.) रानात काय पेरायचं ते शेतकरीच ठरवायचा, मामलेदार येऊन कापूस लाव म्हणून उभा राहायचा नाही.

मग शेतकरी मोकळा होता का? तर नाही. शेतसारा रोख भरायचा होता. मोजणी करून जमिनीची प्रत लावायची, त्यावर आकार बसवायचा आणि तो ३० वर्षांसाठी पक्का. ऐकायला हे बरं वाटतं, ३० वर्षं वाढ नाही म्हणजे चांगलंच की. पण त्याची दुसरी बाजू अशी की पाऊस नाही पडला तरी सारा तोच, ज्वारी मातीमोल झाली तरी सारा तोच, आणि हप्त्याची तारीख माल विकायच्या तारखेशी जुळेलच असं नाही. थोडीफार सूट-तहकुबी मिळायची, ती पण साहेबाच्या मर्जीवर. म्हणजे देणं ठरलेलं, रोख, तारखेला, आणि येणं मात्र सगळं वाऱ्यावर. अशा माणसाला कुणी हुकूम करायची गरजच नसते. ज्या पिकाचे रोख पैसे येतात ते पीक तो आपणहून लावतो, आणि पैसे यायच्या आधी हप्ता आला की सावकाराकडं जातो. याला सक्ती म्हणा नाहीतर म्हणू नका, पण ‘त्यानं स्वतःच्या मर्जीनं लावलं’ एवढं बोलून विषय संपत नाही.

कापसाची तेजी बघा म्हणजे हे स्पष्ट होतं. लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला पाऊण हिस्सा, कधी त्याहून जास्त, अमेरिकेतनं यायचा. १८६१ ला तिकडं यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्या भारताकडं वळल्या. मुंबई इलाख्यात कापसाचे भाव असे चढले की तसे आधी कुणी पाहिले नव्हते. आपल्या भागातला माल बैलांवर आणि गाड्यांतनं कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आणि तिथनं गलबतानं मुंबईला जायचा. मुंबईत शेअरचा जुगार, प्रेमचंद रायचंद, बॅक बे रेक्लमेशनची कंपनी, ही सगळी मोठ्या लोकांची गोष्ट आपण वाचलेली असते. खेड्यातली गोष्ट अशी की सावकार दारात येऊन उचल द्यायला लागला. पिकाला भाव आहे म्हणजे कुळ बुडणार नाही हे त्याला दिसत होतं. शेतकऱ्यानंही घेतली, विहीर काढली, बैल घेतले, लग्नं केली, का नाही करायची? एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला, १ जुलैला मुंबईत वायद्यांचा हिशोब भरायची वेळ आली आणि भले भले बुडाले. कापसाचा भाव खाली आला तसा सावकारानं हात आखडता घेतला. सारा मात्र खाली आला नाही.

उलट शेजारी काय झालं ते बघा. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात सगळ्यात आधी, १८३६ च्या सुमाराला नवी आकारणी झाली होती, तिची ३० वर्षं संपली नेमकी याच तेजीच्या शेवटी. फेरआकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तेजीतले भाव बघितले आणि सारा निम्म्याहून जास्त वाढवला. भाव पुढची ३० वर्षं तसेच राहणार अशी कुणी हमी दिली होती का? सरकारनं आपला वाटा चढत्या भावावर मोजला आणि उतरत्या भावाची जोखीम कुणब्यावर टाकली. माझ्या मते निर्यातीच्या पिकांबद्दल इंग्रज राजवटीवर जो काही आरोप ठेवायचा तो हा ठेवावा. मार्केट दिलं हा गुन्हा नाही. चढता भाव सगळ्यांनी मिळून खाल्ला आणि पडता भाव एकट्यानं भरला, हा गुन्हा.

त्यात कायद्यानं अजून भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात साध्या खतावर, म्हणजे कर्जाच्या कागदावर, तीन वर्षांच्या आत दावा करायचा असं ठरलं, हेतू असा की सावकारानं कर्ज वर्षानुवर्षं लटकत ठेवू नये. झालं भलतंच. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून नवं खत लिहून घ्यायला लागला, व्याजाचं मुद्दल होत गेलं, आणि अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. कोर्टात कागद बोलायचा, माणूस नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला बाजारादिवशी लोक उठले आणि पुणे-नगरच्या कितीतरी गावांत सावकारांच्या घरातले कागद काढून जाळले. साताऱ्यातही त्याची ठिणगी पडली, त्याच वर्षी कुकरुडला, म्हणजे आजच्या शिराळा तालुक्यात. शाळेत आपण ‘डेक्कन रायट्स’ म्हणून दोन ओळी शिकतो, त्यात कुकरुडचं नाव कुणी सांगत नाही. शिराळ्याच्या पोरांनाही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हाचा सगळ्यात आवडता खुलासा काय होता माहितीये? शेतकरी उधळ्या आहे. तेजीत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकाला चांदीच्या धावा बसवल्या असल्या गोष्टी त्या काळच्या साहेबांनीच लिहून ठेवल्यात. एखाद्यानं बसवल्याही असतील. पण दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारच्याच कमिशननं म्हटलं की लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिलं गेलंय. हे १८७६ च्या आसपासचं, आणि ते पण इंग्रज सरकारचं कमिशन! आणि आज? आजही द्राक्षवाला कर्जात गेला की लोक पहिलं काय बोलतात, बंगला बांधला, बुलेट घेतली, पोरीच्या लग्नात हौस केली. एखाद्या वर्षी चार पैसे मिळाले तर माणसानं घर बांधायचं नाही का? पगारवाल्यानं होम लोन काढलं तर ती प्रगती आणि शेतकऱ्यानं खोली वाढवली तर उधळपट्टी, हा हिशोब मला मान्य नाही.

१८७९ ला डेक्कन शेतकरी रिलीफ कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. कोर्टाला खताच्या मागं जाऊन खरा हिशोब बघायचा अधिकार मिळाला. कायदा चांगलाच होता. पण कापूस पडला १८६५ ला आणि कायदा आला १८७९ ला, मधल्या १४ वर्षांत १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत या पट्ट्यानं काय भोगलं असेल ते त्या रानात उन्हाळ्यात एकदा उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रिलीफच्या, म्हणजे दुष्काळी कामावरच्या माणसाला टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं ठरवून दिली रोजची एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, आणि त्याच काळात देशातनं गहू जहाजांत भरून इंग्लंडला जात होता. ज्याची जमीन त्या १४ वर्षांत सावकाराच्या नावावर चढली त्याला तो कायदा काय कामाचा?

कापसावर मी जास्त बोललो, पण आपल्या भागाचं निर्यातीचं खरं पीक म्हणाल तर भुईमूग. कराड-वाळव्याकडच्या शेंगा मुंबईला आणि मुंबईहून बोटीनं फ्रान्सला, मार्सेयच्या तेलाच्या आणि साबणाच्या कारखान्यांत. पुणे-मिरज रेल्वे १८९० च्या सुमाराला पुरी झाली आणि मालाला घाट उतरायची गरज राहिली नाही. हे पीक शेतकऱ्यानं स्वतः ओळखून वाढवलं हे मी अभिमानानं सांगतो. भुईमुगानं रान सुधारतं, पाला जनावराला होतो, तेल घरात राहतं, आणि शेंगा नाही विकल्या तर पोरं खातात. कापूस खाता येत नाही. म्हणजे आपला शेतकरी जोखीम ओळखत होता आणि त्यातल्या त्यात सेफ पीक निवडत होता, त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे जरा बघावं. १८९० नंतर भुईमुगावर रोग आला, जुनं बी खालावलं, पेरा घसरला, मग सेनेगल, पाँडेचरीकडचं नवं बी आलं आणि पीक परत उभं राहिलं. शेंगा तोडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, हे सगळं बायकांच्या हातानं. मार्सेयला गेलेल्या प्रत्येक पोत्यामागं कुठल्यातरी बाईची सोललेली बोटं होती आणि तिचं नाव ना अडत्याच्या वहीत ना सरकारच्या.

हळदीचंही तसंच. हळद खणायची, काहिलीत शिजवायची, वाळवायची, घासून पॉलिश करायची, महिनोन् महिने काम. पण हळदीत आपल्या लोकांनी एक गोष्ट केली जी मला फार महत्त्वाची वाटते. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं काढली आणि हळद त्यात साठवली. पेवात हळद टिकते, कीड लागत नाही, भाव नाही तर थांबता येतं. ज्याला थांबता येतं तोच भाव ठरवतो, पडत्या भावाला खरा जबाब हाच. पण पेवात बऱ्याचदा हळद असायची व्यापाऱ्याची. शेतकरी थांबू शकत नव्हता कारण हप्ता थांबत नव्हता. सोय गावाशेजारी होती आणि उपयोग दुसऱ्यालाच. २००५ च्या पुरात ती पेवंही बरीच गेली.

आता पहिल्या गटाचं जे खरं आहे ते मान्य करायला पाहिजे. खोडशीचं धरण आणि कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला, त्यानं कराड-वाळव्याकडं बागायत वाढली, ऊस वाढला, गूळ वाढला. चार पैसे हातात आलेल्या या कुणब्यांच्या घरांतनं पोरं शिकली, सत्यशोधक चळवळ इथं घट्ट रुजली, पुढं सहकार उभा राहिला. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि १८८८ ला पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठीच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यात आहे हे तोंडावर सांगून आले. फुले इंग्रजी राज्याचे फायदे मानत होते, तरी शेतकऱ्याकडनं वसूल केलेला पैसा कुठं जातो हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. आपणही दोन्ही गोष्टी एकाच वेळी बोलायला हरकत नाही.

पण फायदा नदीकाठाला झाला, माणदेशाला नाही. ज्याच्याकडं पाणी त्याच्याकडं निर्यातीचं पीक, आणि ज्याच्याकडं नाही तो मुंबईला. गिरणगावात सातारा जिल्ह्यातली माणसं भरलेली होती, त्यातले कितीतरी असे की ज्यांच्या घरानं कधी कापूस पिकवला होता आणि आता ते दुसऱ्याच्या कापसाचं सूत काढत होते.

१९२९ ची मंदी आली तेव्हा परत तेच. दोन वर्षांत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. सारा तोच, व्याज तेच. १९३१ नंतर देशभर खेड्यांतनं सोनं बाहेर पडलं, बायकांच्या अंगावरचं, आणि ते जहाजानं लंडनला गेलं. मुंबई सरकारनं शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा केला १९३९ ला, म्हणजे परत दहा वर्षं उशीर. आणि मग १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान सुरू केलं, सावकारीला चाप लावला, त्याला एवढी साथ का मिळाली याचं नवल वाटायला नको. स्वातंत्र्याची ओढ होतीच, पण घराघरात गहाणखतांची आठवण पण होती.

आता आजचं बोलतो, कारण एवढं सगळं त्यासाठीच लिहिलंय. आज आपल्याला सगळे सांगतात, एक्सपोर्ट क्वालिटी काढा. मंत्री सांगतात, कृषी अधिकारी सांगतात, औषध दुकानदार तर सांगतोच. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी पोचलं तिथं दुष्काळी रानात द्राक्ष, डाळिंब उभं राहिलं आणि मला त्याचा आनंद आहे, ज्या गावांनी टँकर बघितले त्यांनी कंटेनर भरले ही लहान गोष्ट नाही. पण हिशोब मांडून बघा. खरड छाटणीपासून मजूर, जीए (मणी फुगवायचं संजीवक), औषधं, पेपर, सगळा खर्च आधी, निम्मा उधारीवर. बँकेचा हप्ता ठरलेला, न भरला तर सिबिल, म्हणजे बँकेतली पत, गेलं. आणि भाव? बांगलादेशानं ड्युटी वाढवत नेली की इथं बागेत रेट पडतो. २०१० ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तिकडची मर्यादा काय हे बागायतदारापर्यंत वेळेत पोचलंच नव्हतं, पण तोटा त्याचा. आणि व्यापारी माल उचलून पैसे न देता गायब होतो, आमच्या पाहुण्यांकडंही हे झालंय, पोलिसात गेलं तर आधी विचारतात कागद काय केला होता. दीडशे वर्षांपूर्वी कागदानं मारलं, आता कागद नाही म्हणून मारतात.

आणि सरकारच दार लावतं तेव्हा तर बोलायची सोय नाही. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात ड्युटी, ८ डिसेंबरला थेट बंदी. लोणंद, फलटणकडच्या शेतकऱ्याच्या रानात कांदा उभा होता. त्याच महिन्यात उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधनं, साखरेची निर्यात तर आधीपासूनच अडवलेली. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त मिळावं हा हेतू असेल, तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, गरीब माणसाला कांदा परवडला पाहिजे. पण त्या स्वस्ताईचं बिल एकट्या कांदावाल्यानं का भरायचं? लँकशायरची गिरणी चालावी म्हणून कुणबी बुडाला तेव्हा आपण त्याला शोषण म्हणतो, मग आपल्याच सरकारच्या निर्णयानं तो बुडाला तर त्याला वेगळं नाव कशाला पाहिजे?

काही मित्र म्हणतात मग एक्सपोर्टच्या नादाला लागूच नका, ज्वारी करा, देशी करा. मला हे पटत नाही. दोन-तीन एकरवाल्याला ज्वारीवर पोरं शिकवता येत नाहीत, आणि बाहेरचं मार्केट पकडायची अक्कल आणि जिगर आपल्या माणसात शेंगा मार्सेयला जात होत्या तेव्हापासून आहे. त्याला मागं खेचू नका. बदलायला पाहिजे ते देणं. ज्या वर्षी सरकार निर्यात बंद करील त्या वर्षी त्या पिकाच्या कर्जाचा हप्ता आपोआप पुढं जावा, अर्ज-विनंत्या न करता, व्याज सरकारनं भरावं. बंदीच्या आदल्या दिवशीचा भाव आणि नंतरचा भाव यातला फरक सातबाऱ्यावरच्या पीक नोंदीप्रमाणं खात्यावर जमा व्हावा. परजिल्ह्यातल्या, परराज्यातल्या व्यापाऱ्यानं बाजार समितीत बँक गॅरंटी ठेवल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नये. आणि हे नियम भाव पडायच्या आधी लिहिलेले पाहिजेत, १८७९ सारखे नंतर नकोत.

पैसा कुठनं आणणार असं विचारतात. सरकारनं निर्यातीवर ड्युटी लावली म्हणजे प्रत्येक कंटेनरमागं तिजोरीत पैसे जमा झाले. कांद्यावर आधी ४० टक्के, मग सप्टेंबर २०२४ पासून २० टक्के, आणि ती ड्युटी उठली १ एप्रिल २०२५ ला. या सगळ्या काळात जेवढी रक्कम जमा झाली ती शेतकऱ्याच्या भावातनं कापून घेतलेली होती, कारण ड्युटी लागली की व्यापारी तेवढा रेट बांधावरच कमी करतो. तो आकडा सरकारनं जाहीर करावा आणि पहिली भरपाई त्यातनं सुरू करावी.